अण्णांची बुलेट आणि माझे कान

आमच्या अण्णांची बुलेट गल्लीच्या तोंडाशी आली की आई चहाचं आधण ठेवते. अण्णा गाडी स्टँडवर लावून, हातपाय धुऊन, टॉवेल खांद्यावर टाकून आत येईपर्यंत कप तयार. पन्नास वर्षांत हा नेम कधी चुकला नव्हता. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, चुकला. अण्णा आत येऊन पाच मिनिटं बसले तरी चहा नाही. आई म्हणाली, "अगंबाई, आलात होय? मला वाटलं, दुसऱ्याच कुणाची गाडी गेली. आवाज वेगळाच येतोय की तिचा."

"काही वेगळा नाही," अण्णा म्हणाले. "तुझे कान गेलेत."

तर कान नक्की कोणाचे गेले होते, तेच सांगायला हा लेख लिहायला घेतलाय.

आधी गाडीची ओळख करून देते. १९७३ची बुलेट, म्हणजे माझ्याहून एक वर्षाने मोठी. आजोबांनी उसाच्या बिलातून पैसे दिले आणि अण्णांनी ती घेतली. कंपनी मूळची इंग्लंडची, पण १९५५ साली मद्रासमध्ये तिचा कारखाना निघाला, पुढे इंग्लंडातलं काम थांबलं तरी मद्रासचं चालूच राहिलं. तेव्हाच्या बुलेटचं सगळंच उलटं. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. इंजिन बिडाचं, एकाच सिलिंडरचं, ३४६ सीसी. पिस्टनची रुंदी ७० मिलिमीटर आणि धाव ९० मिलिमीटर. रुंदीपेक्षा धाव मोठी म्हणून तो संथ, दमदार 'डग्‌ डग्‌ डग्‌' आवाज.

अण्णा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून बुलेट उघडायची, हा घरातला कुळाचार. भाऊ पाने द्यायला, मी बॅटरी धरायला. "इकडे धर, तिकडे नको, हात हलवू नको," एवढंच माझं शिक्षण. पुढे भाऊ पुण्याला कॉम्प्युटरमध्ये गेला आणि मी वाईतच लग्न करून दोन गल्ल्या सोडून राहायला आले. शिवणक्लास चालवते. पंधरा मशिनी आहेत. क्लासला पाठ करून बसले तरी कोणत्या मशीनचं शटल कोरडं पडलंय ते मला आवाजावरून कळतं. तुमच्यातल्या शिवणाऱ्यांना हे सांगायला नको.

आईचं ऐकून आमच्या ह्यांनी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने किक मारली, दोनदा रेस केली आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला. "नॉक मारतंय. बिगेंड गेलंय. इंजिन खाली घ्यावं लागेल. त्यापेक्षा विकून टाका साहेब, गिऱ्हाईक आहे माझ्याकडे." पुण्याहून भावाचा फोन आला. "ताई, अण्णा एकोणऐंशीचे झाले. या निमित्ताने गाडी जातेय तर जाऊ दे ना." खरं सांगते, त्या रात्री मलाही तसंच वाटलं. एवढी दीडशे किलोंच्या वरची गाडी, गावातली वाढती रहदारी. विकून टाकावी, आपला जीव तरी भांड्यात पडेल.

सकाळी अण्णांकडे गेले तर ते पोतं अंथरून बसलेले. गाडीला हात लावलेला नाही, नुसते बसलेले. मी म्हटलं, "अण्णा, मिस्त्री म्हणतोय नॉक मारतंय."

"नॉक मारतंय म्हणजे काय?" अण्णा उसळले. "पेशंट म्हणाला पोटात दुखतंय, तर डॉक्टर लगेच कापतो काय? कुठं दुखतं, कधी दुखतं, जेवणाआधी का जेवणानंतर, विचारतो की नाही? आवाज डावीकडून येतो का उजवीकडून? थंड असताना येतो का गरम झाल्यावर? उभ्या गाडीत येतो का ओझं घेतल्यावर? हे सांग, मग बोल."

"तुम्हीच ऐका ना."

अण्णा जरा थांबले. "तू ऐक," म्हणाले. "तुझे कान तरुण आहेत."

पन्नाशीच्या बाईला कुणी तरुण म्हटलं की ती काहीही करायला तयार होते. मी ओढणी कमरेला घट्ट बांधली, वेणी वर अडकवली (हे आधी करा बरं, फिरत्या चेनपाशी लोंबतं काही नको) आणि कामाला लागले.

हत्यार एकच, लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला दाबून धरायची. डॉक्टरांच्या नळीसारखं काम करतो. बाहेरून जो सगळा एकच गोंगाट वाटतो, त्यातले आवाज सुटे सुटे ऐकू यायला लागतात. मला तर पहिल्यांदा दचकायलाच झालं. आत एक अख्खं गाव चाललेलं.

पहिला आवाज डावीकडचा. 'खडर्र… खड्‌… खडर्र', अनियमित. गाडी नुसती उभी असताना जास्त, रेस केली की कमी. अण्णांना सांगितलं. "चेन," ते म्हणाले. इंजिनची ताकद क्लचकडे नेणारी एक चेन डाव्या कव्हरच्या आत असते. ती सैल पडली की कव्हरला आतून चाटते, आणि रेस केली की ताणली जाते म्हणून आवाज घटतो. पायाची टेक काढली, मधला एकच मोठा नट सोडला की ते अख्खं कव्हर हातात येतं. आतलं तेल भळाभळा बाहेर. मी आईची पुरणाची परात खाली ठेवली होती, त्यावरून जे रामायण झालं ते इथे लिहीत नाही. चेनखालची पट्टी वर सरकवून पाव इंच झोल ठेवला. चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते, म्हणून चाक फिरवून जिथे ती सगळ्यात ताठ असेल तिथे मोजायचं. सैल जागी मोजून आवळली तर ताठ जागी तुटायला येते.

कव्हर लावलं, गाडी चालू केली. एक आवाज गेला. पण स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला की मग नळ ठिबकतोय ते कळतं ना, तसा त्याच्या मागचा दुसरा ऐकू यायला लागला. उजवीकडून, बारीक, एका लयीत. 'टिक्‌ टिक्‌ टिक्‌ टिक्‌.'

"टॅपेट वाजतंय का?" मीच विचारलं. एवढं लहानपणी कानावर पडलं होतं.

अण्णांनी माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला, उजव्या बाजूला टेकवला, कानाला लावला. डोळे मिटले. "नाही. टॅपेट गप्प आहेत."

"अहो अण्णा, टिकटिक येतेय की! घड्याळासारखी."

"नाही म्हटलं ना."

मी वाद घातला नाही. पण ते चहाला आत गेल्यावर मी माझ्या मुलीला, गौरीला बोलावलं. ती म्हणाली, "आई, हे काय, दारातूनपण ऐकू येतंय." मग संध्याकाळी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आम्ही दोघींनी उजवीकडची छोटी झाकणी उघडली. आत दोन उभ्या दांड्या असतात, त्या वर जाऊन व्हॉल्व्ह ढकलतात. पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, अशा जागी आणून त्या दांड्या चिमटीत धरायच्या. बोटांनी गरगर फिरल्या पाहिजेत, पण वरखाली अजिबात हलता कामा नयेत. आमची एक दांडी चांगली वरखाली नाचत होती. आवळली. अण्णा ओट्यावरून बघत होते, बोलले काहीच नाहीत.

तिसरा आवाज फक्त सकाळचा. थंड गाडीला किक मारली की 'खट खट खट', जरा बोदा, जाड. पाच मिनिटांत आपोआप गायब. तो पिस्टनचा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. ॲल्युमिनियम जास्त फुगतं, म्हणून गरम झाल्यावर पिस्टन नीट मापात बसतो. तोवर झिजलेल्या सिलिंडरमध्ये तो जरा इकडे तिकडे आपटतो. "म्हाताऱ्याचे गुडघे सकाळी वाजतातच," अण्णा म्हणाले. "चालायला लागला की थांबतात. त्याला औषध नको." एवढ्यावर तो विषय मिटला.

मला वाटलं, जिंकलं आपण! मिस्त्री खोटा ठरला. भावाला फोनही करून टाकला. पण अण्णांचा चेहरा काही उजळला नाही. "घाटात नेऊन बघा," म्हणाले.

वाईहून पाचगणीला पसरणी घाटाने जातात, तुमच्यापैकी बऱ्याच जणी सहलीला गेल्या असतील. गौरी चालवायला, मी मागे. गौरी कॉलेजात मित्राच्या बुलेटवर शिकलेली, पण त्या नव्या गाडीचे गिअर डाव्या पायाला. पहिली दोन वळणं तिने गिअर बदलायचा म्हणून ब्रेकच दाबला. असो. चढ लागला, तिसऱ्या गिअरमध्ये तिने मूठ पिळली, आणि मला तो आवाज आला. चणचणचणचण! स्टीलच्या डब्यात मूठभर सुके वाटाणे घालून जोरात हलवावेत तसा. मूठ सोडली की बंद. परत पिळली की परत चणचण.

हे खरं नॉकिंग. आधीचे तिन्ही आवाज सैल वस्तूंचे होते, एकावर एक आपटण्याचे. हा जळण्याचा आवाज. प्लगची ठिणगी पडली की आतला पेट्रोल-हवेचा धूर एका बाजूने पेटत, पसरत जायला हवा. पिस्टन वर येऊन खाली वळतो, त्याच सुमाराला त्याला धक्का बसला पाहिजे. ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन अजून वर येतोय आणि वरून धक्का बसतोय असं होतं. आतला दाब आणि उष्णता एवढी वाढते की उरलेलं पेट्रोल ज्योत पोहोचायच्या आधीच एकदम भडकतं. त्याचे घाव सिलिंडरच्या डोक्यावर, पिस्टनवर आणि खालच्या दांड्यावर बसतात.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते लगेच म्हणाले, "पेट्रोल. हल्लीच्या पेट्रोलात राम नाही. पूर्वी शिसं घालायचे, इंजिन कसं गप्प चालायचं."

शिशाची गोष्ट खरी आहे. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली नावाच्या माणसाने शोधून काढलं की पेट्रोलात शिशाचं एक संयुग घातलं की ही चणचण थांबते. मग जगभर गाड्यांच्या धुरातून शिसं हवेत गेलं, पोराबाळांच्या मेंदूपर्यंत गेलं. मिजलीला स्वतःलाही त्याची विषबाधा झाली. आपल्याकडे २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं, आणि सगळ्यात शेवटी २०२१मध्ये अल्जेरियात. पण जुन्या बुलेटचं कॉम्प्रेशन कमी असतं, तिला साधं पेट्रोल पुरतं. अण्णांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आणि शिसं जाऊन तर इतकी वर्षं झाली, मग गाडी आत्ताच का वाजते?

"अण्णा, टायमिंग कोण लावतं गाडीचं?"

"मीच. दुसरं कोण?"

"कसं लावता?"

"कानाने!" त्यात त्यांना केवढा अभिमान. "पॉइंटची प्लेट जराजरा पुढे घ्यायची. घाटात वाजायला लागली की समजायचं, जास्त झालं. मग केसभर मागे. त्यासारखं टायमिंग मीटरनेसुद्धा लागत नाही. सगळा डेपो यायचा माझ्याकडे."

"आणि घाटात शेवटची वाजली कधी?"

अण्णा आठवायला लागले. मग हळूच म्हणाले, "बरीच वर्षं वाजलीच नाही."

आई दारात उभी होती. कुणीच बोललं नाही.

मला एकेक गोष्ट आठवत गेली. टॅपेटची टिकटिक, जी गौरीला दारातून ऐकू येत होती. कुकरची शिट्टी. गेलं वर्षभर अण्णा आईला विचारत होते, "हल्ली डाळ पातेल्यात शिजवतेस काय?" आणि त्यांच्या नडगीवरचा तो काळानिळा डाग, ज्यावर आई हळदीचा लेप लावायची. किक उलटी बसली म्हणाले होते. ठिणगी फार लवकर पडली की पिस्टन वर येता येताच मागे ढकलला जातो आणि किक पायावर उलटी येते. गाडी आपल्या परीने सांगत होती. ऐकू जायचं तेवढं बंद झालं होतं.

वयाने कान जातात तेव्हा सगळे आवाज सारखे जात नाहीत. आधी उंच पट्टीतले, बारीक आवाज जातात. चिमण्या, शिट्टी, घंटी, लहान मुलांचं बोलणं. जाड, खर्जातले आवाज पुष्कळ वर्षं टिकतात. म्हणून माणसाला वाटतं, आपल्याला सगळं येतंय ऐकू, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. त्यात अण्णांची सगळी नोकरी डेपोच्या गोंगाटातली. अण्णा दरवर्षी चणचण यायची वाट बघत पॉइंट पुढे पुढे नेत राहिले. चणचण येत होती, ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. फीलर गेज घालून मी गॅप मोजली. पंधरा थाऊ हवी, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा. वीसच्या वर निघाली. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी आणखी लवकर. प्लेट तर अगदी टोकाला नेलेली.

हे मी त्यांना कसं सांगितलं? नाही सांगितलं. गेज त्यांच्या हातात दिली आणि आत गेले. ज्या माणसाकडे सगळा डेपो यायचा, त्याला तुमची चूक झाली असं मुलीने तोंडावर म्हणायचं म्हणजे… माझ्याने झालं नाही. अर्ध्या तासाने बाहेर आले तर ते तसेच बसलेले, गेजच्या पात्या एकेक करून पुसत होते. म्हणाले, "सुनी, डोकं उघडू या गाडीचं."

"अहो, टायमिंग मागे घेतलं की झालं ना?"

"नाही झालं. आणखी एक आवाज आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो मला येतो. धब, धब. घाट चढून मूठ सोडली की पायटेकीतून येतो. दिवाळीच्या आधीपासून येतोय. बोललो नाही. बोललो असतो तर गाडी नेली असतीत तुम्ही."

आवाज त्यांच्या कानाला नव्हे, तळपायाला आला होता.

रविवारी पोतं अंथरलं. भाऊही पुण्याहून आला. तोंड पाडून आला, पण आला. सिलिंडरचं डोकं आणि सिलिंडर उतरवला. पिस्टनच्या माथ्यावर काजळी, ती खरवडल्यावर खाली बारीक बारीक खड्डे, देवीचे व्रण असावेत तसे. ते त्या चणचणीचे. मग अण्णांनी कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन आणि खालचा क्रँक जोडणारा दांडा, दोन्ही हातांनी धरला. डावी-उजवीकडे तो थोडा हलतोच, हलला पाहिजे. पण सरळ वरखाली ओढला तर काहीही लागता कामा नये. त्यांनी माझे हात धरून दांड्यावर ठेवले. "ओढ." ओढला. अगदी केसाएवढी जागा. टक्‌. "हे बिगेंड," अण्णा म्हणाले. "गेलं."

म्हणजे मिस्त्रीचं निदान चुकीचं नव्हतं! हे मला कबूल केलं पाहिजे, कारण मी त्याला दोन आठवडे मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. पण बिगेंड का गेलं, ते त्याने विचारलं नाही. नवं घालून, टायमिंग तसंच ठेवून गाडी दिली असती तर त्याचीही तीच गत झाली असती. बिगेंड गेलं की तशीच गाडी रेटायचीही नसते. दांडा एखाद्या दिवशी तुटतो आणि इंजिनची कूस फोडून बाहेर येतो, मग दुरुस्तीला काही उरत नाही.

पैशांचं बोलणं झालं. भाऊ म्हणाला, विकूच. आई, जी आजवर या गाडीला सवत म्हणत आली, ती म्हणाली, "माझ्या पाटल्या मोडून केलीत तरी चालेल, पण करा." पाटल्या मोडाव्या लागल्या नाहीत. माझ्या भिशीची पाळी होती, निम्मे भावाने घातले. (विकू म्हणणाऱ्याने घातले, हे नोंदवून ठेवते.) क्रँकची दोन जाड चाकं सुटी करून, नवी पिन आणि नवं बुश घालून, पुन्हा एका रेषेत आणावी लागतात, ते काम अंगणात होत नाही. कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवाल्याकडे ती बसच्या डिकीतून पाठवली. सिलिंडर बोर करून नवा पिस्टनही घातला. सकाळची खटखटही त्यात गेली.

या काळात मी अण्णांना साताऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आलेख दाखवला. खर्जाकडे रेघ बऱ्यापैकी वर, आणि उंच पट्टीकडे घसरगुंडीसारखी खाली. अण्णा कागद बराच वेळ बघत राहिले. "पिस्टनच्या झिजेचा ग्राफ असाच येतो," एवढंच म्हणाले. यंत्र घेतलं आहे. बातम्यांना लावतात. गाडीजवळ काढून ठेवतात, म्हणे त्यात सगळंच डब्यासारखं वाजतं. मी मागे लागत नाही. आई लागते.

मधेच कुणीतरी सल्ला दिला, गाडीला 'व्हिंटेज'चा दाखला घ्या. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला आहे, पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. अण्णांनी मन लावून माहिती काढली. मग कळलं, तशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यालाच. "मग मंडईत काय पाठीवर घेऊन जाऊ?" म्हणाले, आणि तो विषय संपला.

इंजिन बसलं त्या दिवशी टायमिंग कानाने लावलं नाही. प्लगच्या भोकातून सायकलची तार सोडून पिस्टनची जागा मोजली. पॉइंटच्या फटीत पतंगाच्या कागदाची पट्टी धरली आणि इंजिन हळूहळू फिरवलं. पॉइंट मिटलेले असतात तोवर कागद अडकून राहतो, उघडायला लागतात त्या क्षणी सुळकन निसटतो. तो क्षण मापात आला पाहिजे. कागद अण्णांनी धरला. त्यांची बोटं अजून पक्की आहेत.

पहिले पाचशे किलोमीटर सपाटीवर, भुईंज-सातारा रस्त्याने, जपून चालवली. मग घाट. गौरी पुढे, मी मागे, कान टवकारून. तिसऱ्या गिअरमध्ये चढाला तिने मूठ पिळली. पहिलं वळण, दुसरं वळण, हॅरिसन फॉलीच्या खालचा चढ. डग्‌ डग्‌ डग्‌.

परत आलो तेव्हा अण्णा फाटकातच उभे. गाडी थांबायच्या आत त्यांनी तळहात इंजिनच्या खालच्या अंगाला, न भाजेल अशा जागी ठेवला. धबधब आहे का ते त्यांनी मला विचारलं नाही. ते त्यांचं त्यांना कळलं. मग माझ्याकडे बघून मोठ्यांदा विचारलं, "चणचण?"

मी मान हलवली. नाही.

"टिकटिक?"

नाही.

"मग कपाळाला आठी कसली?"

"मागून काहीतरी किणकिणतंय. बहुतेक नंबर प्लेटचा बोल्ट."

"मग उभी काय राहिलीस?" अण्णा म्हणाले. "पाना आण."

आत चहाचं आधण उकळत होतं.